कर्ता नसलेले वाक्य : आरोग्यशिक्षणाच्या विद्यापीठीय भाषेविषयी

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर सहसा दिसतात अशी चार वाक्ये घेऊ. पाणी उकळून प्यावे. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. उघड्यावरचे अन्न खाऊ नये. गरोदर मातेने वेळोवेळी तपासणी करून घ्यावी. यांतल्या पहिल्या तीन वाक्यांना कर्ता नाही. चौथ्याला आहे, आणि तो कोण आहे हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मराठी व्याकरणात क्रियापदाच्या या रूपाला विध्यर्थ म्हणतात. आज्ञार्थात, म्हणजे 'पाणी उकळून प्या' असे म्हणताना, समोर कोणीतरी उभे असावे लागते; त्याला अरे म्हणायचे की अहो, हे ठरवावे लागते. विध्यर्थात ती गरज उरत नाही. क्रियापद कर्माशी जुळते, कर्ता आलाच तर तृतीयेत येतो आणि नाही आला तरी वाक्य पुरे वाटते. पाणी उकळून प्यावे; पण कोणी उकळायचे, कोणाच्या सरपणावर, दिवसातून किती वेळा, हे विचारायला वाक्यात जागाच नाही. हे रूप आपल्याला परके नाही. दासबोधातला बराचसा उपदेश याच रूपात आहे, दिनचर्या सांगणारी आयुर्वेदाची मराठी पुस्तके याच रूपात बोलतात, शाळेच्या फळ्यावरचा सुविचारही पुष्कळदा याच रूपात असतो. आरोग्याचा संदेश मराठीत आला तो माहितीच्या भाषेत न येता असा नीतीच्या भाषेत आला. त्यामुळे तो न पाळणारा माणूस नुसता अजाण ठरत नाही, दोषी ठरतो.

मराठी साहित्यात एम.ए. केल्यानंतर मी एका विद्यापीठात दोन वर्षे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम केला आणि त्यात आरोग्यशिक्षण व आरोग्यसंवर्धन हा विशेष विषय घेतला. त्या दोन वर्षांत जे वाचले, ते ज्या रीतीने शिकवले गेले आणि आमच्याकडून जे लिहून घेतले गेले, त्याकडे एखाद्या साहित्यप्रकाराकडे पाहावे तसे मी इथे पाहणार आहे. माझे म्हणणे असे, की या विद्याशाखेचे सिद्धान्त एक सांगतात आणि तिचे व्याकरण दुसरेच सांगते. आणि परीक्षा, प्रकल्प, नोकरी या तिन्ही ठिकाणी शेवटी व्याकरणाचीच सरशी होते.

सिद्धान्त खरोखर चांगले आहेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरात प्राथमिक आरोग्यसेवेवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सर्वांसाठी आरोग्य ही घोषणा तिथून जगभर गेली. त्यानंतर आठ वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, कॅनडातल्या ओटावा इथे आरोग्यसंवर्धनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे मंजूर झालेली सनद या विषयाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या पहिल्याच प्रकरणात भेटते. सनदेत आरोग्याच्या पूर्वअटींची यादी आहे. तिच्यात शांतता आहे, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न, टिकाऊ परिसंस्था, सामाजिक न्याय आणि समता आहे. साबण नाही. लोकांना स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवता यावा, यासाठी त्यांना समर्थ करणे म्हणजे आरोग्यसंवर्धन, अशी तिची भूमिका आहे. कामाची पाच क्षेत्रे ती सांगते: आरोग्याला पोषक असे सार्वजनिक धोरण, आधार देणारा परिसर, समूहाची कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवांची फेरमांडणी. पाचांपैकी एकच क्षेत्र व्यक्तीला काही शिकवण्याचे आहे, आणि तेही चौथ्या क्रमांकावर.

हे पहिल्या सत्रात शिकवले जाते. चांगले शिकवले जाते, हेही सांगायला हवे. पण ज्या मराठी शब्दांतून ते पुढे तालुक्याच्या कचेरीत पोचते ते शब्द पाहा. आरोग्यसंवर्धन हा शब्द वर्गात राहतो. बाहेर 'आरोग्य प्रबोधन' आणि 'जनजागृती' चालतात. या दोन्ही शब्दांत लोक झोपलेले आहेत असे गृहीत धरलेले आहे. प्रबोधनाला महाराष्ट्रात एक मानाचा इतिहास आहे, त्यामुळे तो शब्द खटकत नाही. पण जो जागा करतो तो जागा आणि बाकीचे निजलेले, ही विभागणी त्यात आहेच. तिसरा शब्द 'लाभार्थी'. आरोग्य हा हक्क आहे असे अल्मा-आतात म्हटले गेले आणि आपल्या नोंदवहीत हक्कदाराच्या रकान्यावर लाभ घेणारा असा मथळा पडला.

दुसऱ्या सत्रात क्षेत्रकार्य येते. पाचसहा विद्यार्थ्यांचा गट, एखादे गाव किंवा वस्ती, एक प्रश्नावली. तिला ज्ञान, वृत्ती आणि आचरण यांची पाहणी म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला एक योग्य उत्तर असते, योग्य उत्तराला गुण असतात, आणि गुणांची बेरीज करून गावाचे ज्ञान पुरेसे, मध्यम की अपुरे हे ठरते. मग आम्ही भित्तिपत्रके आणि तक्ते घेऊन अर्धापाऊण तास बोलायचे आणि लगेच तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. गुण वाढतात. ते वाढणारच होते. आम्ही नुकतेच उच्चारलेले शब्द लोकांनी आम्हाला परत केलेले असतात. पाउलो फ्रेरी यांनी शिक्षणाच्या या पद्धतीला बँकेत ठेव ठेवण्याची उपमा दिली होती. फ्रेरी आम्हाला अभ्यासाला होते. पहिल्या सत्रात.

याच सत्रात आरोग्य-श्रद्धा प्रतिमान शिकवले जाते, आणि त्यावर जरा थांबणे आवश्यक आहे, कारण या विद्याशाखेत सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या प्रतिमानांपैकी ते एक आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या हॉकबाउम, रोझेनस्टॉक, केगेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात ते बांधत आणले. निमित्त क्षयरोगाचे होते. छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्तीवस्तीत फिरत होत्या, एक्स-रे फुकट होता, तरी पुष्कळ लोक येत नव्हते. का येत नाहीत, हा प्रश्न रास्त होता. उत्तर असे बसवले गेले: माणसाला आपल्याला रोग होऊ शकतो असे वाटले पाहिजे, तो गंभीर आहे असे वाटले पाहिजे, उपायाचा फायदा वाटला पाहिजे, त्यातले अडथळे कमी वाटले पाहिजेत, आणि कृतीला काहीतरी निमित्त मिळाले पाहिजे. या वाक्यात 'वाटणे' हे क्रियापद किती वेळा आले ते मोजा. इथे कर्ता आहे, पण त्याच्याकडे एकच काम दिलेले आहे: वाटून घेणे.

जिथे गाडी खरोखर दारात येते आणि एक्स-रे खरोखर फुकट असतो, तिथे हे प्रतिमान उपयोगी पडते. तिथे उरलेला अडथळा बऱ्याच अंशी मनातलाच असू शकतो. आता ते ऊसतोडीच्या फडावर नेऊन पाहू.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. तो दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असल्याचे वर्तमानपत्रांत वारंवार आले आहे. राहायला फडाजवळ कोपी. न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचे. पहाटे तोडीला जायचे, डोक्यावरून मोळ्या वाहायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पाळीत अंगावर जास्त जात असले, पांढरे जात असले, ओटीपोटात दुखत असले, तरी खाडा चुकत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींत एकीची. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. वयोगट सारखे नसल्याने आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत, पण अंतर लपण्यासारखेही नाही.

आता वर्गात शिकलेले प्रतिमान या बाईला लावू. तिला धोका वाटतो का? वाटतो, पिशवीला कर्करोग होईल असे डॉक्टरांनी आपल्याला सांगितल्याचे कित्येक जणींनी पत्रकारांना सांगितले आहे. गंभीर वाटतो का? अर्थातच. उपायाचा फायदा वाटतो का? पाळी बंद, खाडे बंद, दर महिन्याची यातना बंद. अडथळे? पैसा हा अडथळा होता, तो तिने कर्ज काढून दूर केला. निमित्त? डॉक्टरांचा सल्ला. पाचही कसोट्यांना ती पूर्ण उतरते. प्रतिमानाच्या हिशेबाने ही आदर्श आरोग्यसाक्षर स्त्री आहे, आणि तिशीच्या आतबाहेर ती गर्भाशय गमावून बसली आहे. भीती आणि आरोग्य यांतला फरक ज्या प्रतिमानाला सांगता येत नाही, त्याला आरोग्याचे प्रतिमान का म्हणायचे, हा प्रश्न मी वर्गात विचारला होता. उत्तर मिळाले की तुम्ही प्रतिमानाच्या बाहेरचे विचारता आहात. ते उत्तर बरोबर होते. खाडा प्रतिमानाच्या बाहेरच आहे. आत आहेत ते 'जाणवणारे' अडथळे. आणि जाणवणारा म्हटले की उपाय जाणिवेवर करायचा, अडथळ्यावर नाही. रॉबर्ट क्रॉफर्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९७७ मध्येच या वृत्तीला पीडितालाच दोष देण्याची विचारसरणी म्हटले होते.

दुसरा धडा शेजारचा आहे. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत जाऊन आयांना मीठ, गूळ आणि पाणी यांचे जुलाबावरचे द्रावण करायला शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बायकांचा मोबदला त्यांनी किती घरे केली यावर ठरत नसे. नंतर तपासनीस येऊन काही आयांना विचारी, द्रावण करून घेई, आणि आईला जेवढे आठवे आणि जमे त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. आमच्या प्रश्नावलीत गावाला गुण होते; इथे गुण शिकवणारीला आहेत. आपल्याकडे २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्तीचा बराचसा मोबदला मोजता येणाऱ्या कामांच्या नगावर बांधलेला आहे. तिने एखाद्या सासूशी तासभर बोलून तिला काही पटवले, तर तो तास कोणत्या रकान्यात लिहायचा, असा प्रश्न तिला पडत असणार.

ब्रॅकच्या गोष्टीचा मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे. आयांना द्रावण करता येऊ लागले, सांगताही येऊ लागले, तरी सुरुवातीला त्या ते वापरत फारच कमी. शोध घेतल्यावर जी कारणे सापडली त्यांत दोन ठळक होती. शिकवणाऱ्यांचाच त्या द्रावणावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांशी कोणी बोललेले नव्हते. तिसरे कारण भाषेचे होते. गावातल्या बोलीत जुलाबाचे निदान चार प्रकार होते: दूध हागा, अजीर्ण, आमाशा आणि डायरिया. यांतला 'डायरिया' म्हणजे पटकीसारखा पाण्यागत होणारा जुलाब. शिकवणाऱ्यांनी डायरियावर औषध सांगितले, आयांनी ते डायरियाला राखून ठेवले. बाकीचे तीन प्रकार त्यांच्या लेखी निराळे आजार होते. यात अज्ञान कोणाचे होते?

मराठी भित्तिपत्रकावर 'अतिसार' असतो. घरात हगवण असते, ढाळ असतात, आव पडते, जुलाब होतात, आणि दात येताना बाळाला लागणारी हगवण पुष्कळ घरांत आजारात धरलीच जात नाही. शिवाय 'जुलाबाचे औषध' म्हणजे जुलाब थांबवणारे की घडवणारे, हे आपल्या भाषेत संदर्भाशिवाय कळत नाही. एवढी गुंतागुंत असताना प्रश्नावलीत 'अतिसाराविषयी आपल्याला माहिती आहे का' असे छापले जाते आणि 'नाही' या उत्तराची टक्केवारी प्रबंधात ठळक अक्षरांत येते. जलसंजीवनी हा शब्द मात्र चांगला बसला आहे. पुडीचे नाव लोकांच्या तोंडी आले. त्याहून जुना आणि अधिक विलक्षण शब्दप्रयोग म्हणजे 'देवी काढणे'. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. ज्या रोगाचे नावच देवी, त्याची लस पुढे गावोगाव गेली तेव्हा मराठीने देवीला बाजूला सारले नाही. रोग देवी, दंडावरचा व्रणही देवी आणि लस टोचणे म्हणजे देवी काढणे. भाषेने नव्या गोष्टीला जुन्याच घरात जागा करून दिली. आरोग्यसंवादाच्या अभ्यासाला याहून चांगला विषय कोणता असेल मला ठाऊक नाही, पण आम्हाला उदाहरणे होती ती अटलांटिकपलीकडच्या धूम्रपानविरोधी मोहिमांची.

मराठीतल्या परंपरेचे हे विस्मरण मला अभ्यासक्रमातली सर्वांत मोठी उणीव वाटते. र. धों. कर्वे यांचे नाव आमच्या वाचनयादीत नव्हते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२५ मध्ये त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधल्या मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. या मासिकात वाचक प्रश्न विचारत आणि संपादक उत्तर देत. आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने हा साधा फरक फार मोठा आहे: सुरुवात वाचकाच्या प्रश्नापासून होते. वाचक प्रौढ आहे, त्याला शरीर आहे, त्याला शंका आहे, आणि ती विचारण्याचा त्याला अधिकार आहे, हे गृहीत धरलेले असते. या प्रकारची किंमतही कर्व्यांनी दिली. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे निर्दोष आदर्श होते असे मी म्हणत नाही. त्यांचा स्वर पुष्कळदा तुटक आणि अहंमन्य होतो, त्यांचा वाचक मुख्यतः लिहितावाचता शहरी मध्यमवर्ग होता, आणि सुप्रजननाविषयीचे त्या काळचे समज त्यांच्याही लेखनात आहेत. पण विध्यर्थाच्या पलीकडे जाऊन मराठीत आरोग्याविषयी कसे बोलता येते, हे त्यांनी सव्वीस वर्षे दाखवले.

दुसरे उदाहरण जामखेडचे. वर्गात हापशाची एकच गोष्ट सांगतात, १८५४ मधली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटची: जॉन स्नो यांनी पटकीचे मूळ पाण्यात शोधले आणि हापशाचा दांडा काढायला लावला. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा लोकांनी आधी दवाखाना मागितला नाही, पाणी आणि अन्न मागितले. पुढच्या दुष्काळात विंधनविहिरी घेताना हापसे दलित वस्तीत बसतील हे पाहिले गेले. पाणी हवे असेल तर गावाने तिथे यायचे. पटकी, नारू, खरूज यांवर एकही तक्ता न लावता त्या हापशाने जे शिकवले ते ओटावाच्या सोळा वर्षे आधी सुरू झालेल्या कामात शिकवले. त्यांच्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांमध्ये शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका पुष्कळ होत्या. त्या ठरल्या दिवशी जामखेडला जमत, आपापल्या गावातले सांगत आणि एकमेकींकडून शिकत. एका हापशाचा दांडा काढणे आणि एक हापसा विशिष्ट जागी बसवणे, या दोन गोष्टी शेजारी ठेवून शिकवल्या तर सनदेतली पाचही क्षेत्रे एका तासात समजतील.

तिसरे गडचिरोलीचे, आणि ते उसाच्या फडाशी जोडलेले आहे. राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी होती. ९२ टक्के जणींना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे या तक्रारी तेव्हाही होत्या, बीडमध्येही होत्या. गडचिरोलीत त्या ऐकल्या गेल्या तेव्हा त्यातून स्त्रियांच्या आरोग्याचा एक नवा विषय जगासमोर आला. बीडमध्ये त्याच तक्रारींचा शेवट पिशवी काढण्यात झाला. राणी बंग यांच्या एका मराठी पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे. कानोसा घेणारा बोलत नसतो. आमच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचे श्रेयांक होते, त्यांत बोलण्याची प्रात्यक्षिके होती, ऐकण्याचे एकही नव्हते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मोलाचा आहे. साथ आली, पूर आला, तर सिद्धान्त बाजूला ठेवून 'पाणी उकळा' असे ओरडून सांगावेच लागते. पोलिओचे थेंब घराघरात पोचले ते समाजाच्या पूर्वअटी बदलेपर्यंत थांबून नाही. शिवाय प्रत्येक सवयीमागे व्यवस्था शोधत बसलो तर मशेरी लावणाऱ्या बाईला तंबाखूने काय होते हे कोणी सांगायचेच नाही का? सांगायचे. माहिती हा तिचा हक्क आहे. माझी हरकत सांगण्याला नाही, सांगून झाल्यावर काम संपले असे मानण्याला आहे. मशेरीचे सांगणे आणि २०१२ मध्ये महाराष्ट्राने घातलेली गुटखाबंदी, यांत दुसरी गोष्ट ओटावाच्या पहिल्या क्षेत्रात बसते. तिचा कर्ता सरकार आहे, तिचे कर्म उत्पादक आणि विक्रेते. बंदी टपरीमागे किती पाळली जाते हे सर्वांना दिसते. पण निदान वाक्य पुरे आहे.

आणि कायदा म्हणजे आपोआप चांगले, असेही नाही. १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्या काळात कुटुंबनियोजनाच्या 'केसेस' आणण्याचे काम शिक्षकांपर्यंत लावले गेले होते, आणि उद्दिष्टांची ती पद्धत देशात १९९६ पर्यंत कागदोपत्री चालू होती. तेव्हा प्रश्न समजावणे की सक्ती असा नाहीच. समजावणे असो वा सक्ती, क्रियापद कोणाच्या अंगावर टाकले आहे, हा आहे. कुटुंबनियोजनात दोन्ही वेळा ते बहुतांशी गरिबांच्या अंगावर पडले.

बीडमध्ये २०१९ नंतर जिल्हा प्रशासनाने एक नियम केला. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. हेही विध्यर्थच आहे. पण इथे तृतीयेतला कर्ता आला: रुग्णालयांनी. या नियमालाही बाजू आहेत. जिला खरोखर शस्त्रक्रिया हवी तिला एक कचेरी वाढली. तरी या विषयाच्या विद्यार्थ्याने तो नियम एक मजकूर म्हणून वाचावा असे मला वाटते.

आमच्या वर्गात ऊसतोड कामगार स्त्रियांसाठी मासिक पाळीतील स्वच्छतेवर भित्तिपत्रक तयार करा, असा दहा गुणांचा प्रश्न होता. त्याच प्रश्नात एक अट घालता येईल: प्रत्येक वाक्याला तृतीयेतला कर्ता हवा, आणि 'स्त्रियांनी' हा कर्ता एकदाच वापरता येईल. मग लिहावे लागेल की कारखान्याने फडाजवळ पाण्याची टाकी आणि फिरते संडास द्यावेत. मुकादमाने पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा लावू नये. डॉक्टरांनी पिशवी काढण्याचे दुष्परिणाम आणि इतर उपाय आधी सांगावेत. आरोग्य खात्याने हंगामापूर्वी आणि हंगामानंतर तपासणी करावी. चार वाक्ये झाली की विद्यार्थ्यापुढे एक व्यावहारिक अडचण येईल. हे भित्तिपत्रक कोपीच्या दारात लावून उपयोग नाही. ते कारखान्याच्या वजनकाट्याजवळ लावावे लागेल, आणि त्यासाठी कारखान्याची परवानगी लागेल.